लॅपटॉप बंद कधी करायचा ते आधी ठरव

"ताई, मी ३३ वर्षांचा आहे. नऊ वर्षं एकाच कंपनीत ऑपरेशन्सला होतो, पाच महिन्यांपूर्वी आमची अख्खी टीमच बंद केली. पहिला महिना मी जोरात होतो, रोज वेळेवर टेबलापाशी बसायचो. आता दहाला उठतो, अंथरुणातूनच मोबाईलवर पोर्टल उघडतो, दिसेल त्याला अप्लाय मारतो, मग व्हिडिओ, मग परत पोर्टल, रात्री दोन दोन वाजेपर्यंत हेच. आत्तापर्यंत २४० ठिकाणी अप्लाय केलंय, इंटरव्ह्यू आले सहा. टाइमटेबल चार वेळा बनवलं, एकही आठवडाभर टिकलं नाही. बायको नोकरी करते, ती काही बोलत नाही पण तिच्या गप्प राहण्याचाच त्रास होतो. वडील रोज संध्याकाळी विचारतात, काही झालं का? नोकरी होती तेव्हा एकदाही लेट मार्क लागला नाही मला, मग आता शिस्त कुठे गेली? मी आळशी झालोय का? अजून एक, कॉलेजचे मित्र पुढच्या महिन्यात चार दिवस डोंगरात चाललेत, मलापण बोलावतायत. जावंसं वाटतंय, पण घरी बसलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने जायचं?"

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तो २४० चा आकडा डोळ्यात भरला आणि दुसऱ्यांदा ते रात्रीचे दोन. मला विचारशील तर तुझी खरी गोची त्या दोनमध्ये आहे. (२४० वर पण येते, त्याला काय सोडत नाही मी.)

आळशीचं आधी संपवून टाकू. आळशी माणूस रात्री दोनला नोकरी शोधत नाही रे, तो झोपलेला असतो, आणि मस्त झोपलेला असतो. तू दिवसाचे चौदा चौदा तास नोकरीच्या विचारात असतोस आणि त्यातला एक तासही धड कामाचा नसतो, हा प्रॉब्लेम वेगळा आहे आणि त्याचं औषधही वेगळं आहे. आळशी माणसाला मी सांगितलं असतं ऊठ आणि जास्त कर. तुला सांगणार आहे की कमी कर आणि ठरलेल्या वेळी थांब.

आता शिस्त कुठे गेली म्हणतोस. खरं सांगू का, ती तुझी एकट्याची कधी नव्हतीच. नऊ वर्षं ती ऑफिसने तुला वापरायला दिलेली होती. ठरलेल्या वेळी पंच करायचं, अकराची मीटिंग, शेजारच्या डेस्कवरचा माणूस, महिन्याअखेरीचा रिपोर्ट, साहेबाचा मेल, आणि या सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे घरी जायची वेळ. घरी जायची वेळ झाली की दिवस संपायचा. तो संपतोय हे माहीत असायचं म्हणून तर दुपारी तीनला तू हातपाय हलवायचास. आता दिवस संपतच नाही, मग तीन वाजता घाई कशाला करायची, दहाला करू, अकराला करू, आणि असं करत करत दोन वाजतात.

हे एकट्या तुझं होतंय असं वाटत असेल म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनताल नावाची छोटीशी वसाहत होती, साधारण दीड हजार वस्ती, आणि सगळं गाव एका कापड गिरणीवर चालायचं. १९२९-३० च्या सुमारास मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक आपल्या टीमसकट तिथे गेले आणि लोक दिवसभर करतात काय हे त्यांनी बारकाईने बघितलं, म्हणजे अगदी रस्त्यावर माणसं किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात हे घड्याळ लावून मोजलं. आपल्याला वाटेल की आता वेळच वेळ आहे म्हटल्यावर लोक वाचत असतील, सभा-संस्थांमध्ये जात असतील. झालं उलटं. लायब्ररीची फी माफ केलेली असूनसुद्धा पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष हळू चालायला लागले, मधेच थांबायचे, उभे राहायचे. त्यांना दिवसाचा हिशोब लिहायला सांगितला तर उठलो, जेवलो, झोपलो एवढंच आठवायचं, मधले तास कुठे गेले ते सांगताच येईना. बायका मात्र रस्त्यात कमी थांबायच्या, त्यांना घरकाम होतं, वेळेवर करावंच लागायचं. म्हणजे बघ, रिकामा वेळ दोघांच्या नशिबी सारखा नव्हता, ज्यांच्या दिवसाला आकार होता ती माणसं चालत राहिली.

याहोडाबाईंनी पुढे कित्येक वर्षांनी हे नीट मांडलं, की नोकरी पगाराशिवाय अजून पाच गोष्टी गुपचूप देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपण कुठल्यातरी मोठ्या कामाचा भाग आहोत ही भावना, समाजात एक ओळख, आणि काहीतरी करत राहण्याची सक्ती. नोकरी गेली की पगार गेलेला लगेच दिसतो, या पाच गोष्टी गेलेल्या दिसत नाहीत आणि मग माणूस स्वतःलाच म्हणत बसतो की मी आळशी झालो. तुझं डिट्टो हेच झालंय.

माझं पण झालं होतं, सांगते. माझं कॉन्ट्रॅक्ट एका ठिकाणी पुढे वाढवलं नाही, सात महिने घरी होते. मीसुद्धा स्केचपेनने रंगीत टाइमटेबल केलं, पहाटे पाचचा गजर, सहा ते आठ अभ्यास, आठ ते दहा अप्लाय, असं करत रात्री नऊपर्यंत सगळे चौकोन भरलेले. तिसऱ्या दिवशी उशीर झाला, चौथ्या दिवशी त्या कागदाकडे बघायची हिंमत होईना. मग तिसऱ्या महिन्यात माझा लॅपटॉप बिघडला आणि दुरुस्त करायला पैसे नव्हते, म्हणून बहिणीचा वापरायला लागले. तिची दुपारची शिफ्ट असायची, दोनला तिला लॅपटॉप हातात पाहिजे म्हणजे पाहिजेच. मला मिळायचे साडेनऊ ते दोन, एवढंच. पहिल्या दिवशी चिडले की एवढ्याशा वेळात काय होणार, आणि त्याच आठवड्यात मी आधीच्या दोन महिन्यांत केलं नव्हतं एवढं काम केलं, कारण एक वाजला की डोक्यात घंटा वाजायची की बये एकच तास राहिला आता. दोननंतर तर काही करायचा प्रश्नच नव्हता, लॅपटॉपच नाही, मग फिरायला जा, कोणाला भेट, झोप काढ. कित्येक आठवड्यांनी मला संध्याकाळ मिळाली. तेव्हापासून मी कोणालाही उठायची वेळ नंतर विचारते, आधी विचारते की बंद कधी करतोस.

तर तू पण आधी बंद करायची वेळ ठरव. समज साडेनऊ ते दीड. चार तास, आठवड्यातले पाच दिवस, बास. तुला हे कमी वाटेल आणि अपराधीही वाटेल, की नोकरी नाही आणि हा चारच तास शोधतोय. पण तू आत्ता खरोखर किती तास शोधतोस ते उद्या एक दिवस मोबाईलच्या स्क्रीन टाइममध्ये बघ ना, पोर्टल किती आणि व्हिडिओ किती. नुसतं बघ, कोणाला दाखवू नकोस. दीड वाजला की लॅपटॉप बंद, पोर्टल बंद, आणि दीडनंतर नोकरी शोधायला सक्त मनाई आहे असं समज. दुपारी एखादी भारी जाहिरात दिसली तर कागदावर नाव लिही, उद्या साडेनऊला बघ. जाहिरात सहसा एका रात्रीत उडून जात नाही. इंटरव्ह्यू दुपारी असेल किंवा कुणाचा फोन आला तर अर्थातच घ्यायचा, एवढं काय कडक नाहीये हे.

मोबाईलवरची पोर्टलची ॲप्स आजच काढून टाक. खरंच काढ, नोटिफिकेशन बंद करून भागणार नाही, मी करून बघितलंय. पोर्टल फक्त लॅपटॉपवर, फक्त टेबलापाशी बसून. जॉब अलर्ट दिवसातून एकदाच ईमेलवर येतील असं सेटिंग करता येतं बहुतेक ठिकाणी, ते कर. अंथरुण आणि नोकरी शोधणं यांची फारकत झाली की निम्मी लढाई मारली, कारण तुझे दहा वाजतात ते रात्रीच्या दोनमुळे आणि दोन वाजतात ते हातातल्या मोबाईलमुळे. रात्री तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. गजराला साधं घड्याळ ठेव.

आता चार तासांत काय करायचं. इथे सगळेजण करतात ती चूक म्हणजे सुरुवात पोर्टलने करणं. पोर्टल इतकं सोपं असतं ना, क्लिक, क्लिक, अप्लाय, झालं, आणि काम केल्यासारखं वाटतं. पण सकाळचं डोकं फ्रेश असतं ते अवघड कामाला वापर. पहिला दीड तास माणसांना मेसेज आणि फॉलोअप, पुढचा दीड तास एक किंवा फार तर दोन अर्ज, पण नीट, म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन पूर्ण वाचून, त्यांनी जे शब्द वापरलेत त्यातलं तू खरोखर केलेलं काम सीव्हीत वर आणून. खूप कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि एचआरवाले त्यात शब्द टाकून शोधतात, त्यामुळे तू ज्याला आपल्या जुन्या कंपनीच्या भाषेत एक म्हणतोस आणि बाकी जग दुसरं म्हणतं, तिथे जगाचा शब्द वापर. उरलेला एक तास इंटरव्ह्यूची तयारी नाहीतर एखादं स्किल. पोर्टल बघायचं ते शेवटची वीस मिनिटं, उद्यासाठीच्या जागा निवडायला. असं मिनिटामिनिटाने पाळायचं नाहीये हं, क्रम तेवढा पाळ.

आणि आता तो २४०. अरे, २४० पैकी सहा म्हणजे चाळिसात एक. हा आकडा तू पत्रात असा लिहिलायस जसं काही ती तुझी मेहनत आहे, आणि मला तर तो तुझ्या मनस्तापाचं मीटर वाटतो. एक वही कर, किंवा एक्सेल शीट, जे सोयीचं असेल ते, आणि त्या सहा इंटरव्ह्यूंपासून सुरुवात कर. ते सहा कुठून आले? अर्ज किती दिवस जुन्या जाहिरातीला केला होता, सीव्ही बदलला होता का, मध्ये कोणी ओळखीचं होतं का, तुझ्या आधीच्या कामाशी ती जागा किती जुळत होती? आणि त्यातले किती दुसऱ्या राउंडला गेले? कारण सहाच्या सहा पहिल्याच राउंडला पडले असतील तर तुला अजून २४० अर्जांची गरज नाहीये, तुला इंटरव्ह्यूच्या प्रॅक्टिसची गरज आहे, आणि तू नेमकं तेच सोडून बाकी सगळं करतोयस. हे आकडे मला माहीत नाहीत, तुला काढायला अर्धा तास लागेल. ऑपरेशन्सचा माणूस ना तू, लाइन कुठे अडली ते शोधायचं कामच होतं की तुझं.

पुढे रोज त्या वहीत लिही: तारीख, कंपनी, जागा, कुणाकडून कळलं, कुठला सीव्ही पाठवला, फॉलोअप कधी. आणि आठवड्याच्या शेवटी मोजायचं ते फक्त तुझ्या हातातलं, किती माणसांशी बोललास, किती नीट अर्ज केलेस, किती वेळा मोठ्याने बोलून उत्तरांची प्रॅक्टिस केलीस. ऑफर येणं, कॉल येणं हे मोजायचं नाही, ते समोरच्याच्या हातात आहे. तिकडे कधी बजेट थांबतं, कधी आतलाच माणूस आधीच ठरलेला असतो, जाहिरात निव्वळ नियम म्हणून टाकलेली असते, आणि आपण इकडे स्वतःला कोसत बसतो.

माणसांना मेसेज म्हटलं की तुझं तोंड वाकडं झालं असणार. माझंही व्हायचं, हात पसरल्यासारखं वाटतं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक पेपर लिहिला, बोस्टनजवळच्या गावातल्या नोकरी बदललेल्या लोकांशी बोलून. ज्यांना ओळखीतून नोकरीची खबर मिळाली त्यांना त्याने विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? आठवड्यातून दोनदा वगैरे भेटणारे, म्हणजे अगदी जवळचे, ते १०० त जेमतेम १७ निघाले. साधारण ५६ अधूनमधून भेटणारे आणि २८ तर वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे. कारण सोपं आहे, जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे तुला माहीत आहे, लांबच्या माणसाची दुनिया वेगळी असते. म्हणून जुन्या टीममधून चार वर्षांपूर्वी सोडून गेलेला तो कोण, ज्या व्हेंडरशी फोनवर बोलायचास तो, ट्रेनिंगमध्ये भेटलेली ती, अशा लोकांची यादी कर. पन्नास नावं सहज निघतील. रोज दोघांना लिही.

आणि लिहिताना "काही ओपनिंग असेल तर सांग" असं लिहू नकोस. त्यावर समोरचा "नक्की सांगतो" म्हणतो आणि विषय संपतो, बिचाऱ्याकडे खिशात ओपनिंग थोडीच असतं. असं काहीतरी लिही: "कसा आहेस? बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमची टीम बंद झाली, मी आता प्लॅनिंग किंवा सप्लाय चेनमधलं काम शोधतोय. तू ज्या कंपनीत आहेस तिथे या कामासाठी कसे लोक घेतात हे समजून घ्यायचं होतं, या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?" यात तू काय शोधतोयस ते स्पष्ट आहे, मागणी छोटी आहे, हो म्हणायला सोपी आहे. बोलणं झालं की शेवटी एकच विचार, अजून कोणाशी बोलू? उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे, राग धरू नकोस. लोक विसरतात रे, तूसुद्धा नोकरीत असताना असे कितीतरी मेसेज विसरला असशील.

आता टाइमटेबल चारदा का मोडलं त्याबद्दल. तू लिहिलं नाहीयेस पण माझा अंदाज आहे की ते सगळे दहा-दहा तासांचे होते आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी डबल करायचं ठरवलं होतंस. असं करू नकोस. चुकलेला दिवस चुकला, त्याची भरपाई नाही, उद्या परत तेच चार तास. आणि अगदीच नको वाटेल त्या दिवसासाठी एक छोटा डोस ठरवून ठेव, अर्धा तास: वही उघडायची, एक मेसेज पाठवायचा, बंद. तेवढं केलं तर दिवस भरला असं धरायचं.

अजून एक युक्ती, ही माझी नाही, पीटर गोल्विट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांनी यावर बरंच काम केलंय. "मी शिस्तीत राहीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते, कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. तुझ्यासाठी सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे रिजेक्शनचा मेल. आत्ता तो आला की काय होतं? मी सांगते, रागाने पोर्टल उघडतोस आणि पंधरा ठिकाणी अप्लाय मारतोस, हो ना? आता ठरव: रिजेक्शन आलं की वहीत एक ओळ लिहायची, चपला घालायच्या, खाली जाऊन दहा मिनिटं चालून यायचं. मेल वाचला, चपला. असंच "नाश्ता झाला की टेबल" आणि "दीड वाजला की लॅपटॉप कपाटात". हो, कपाटातच ठेव, टेबलावर राहिला तर उघडशील.

एकट्याने हे सगळं निभावत नाही फार दिवस, म्हणून जोडीदार शोध. तुझी अख्खी टीम बंद झाली ना, म्हणजे अजून चार-पाच जण तरी याच नावेत असतील, त्यातला एक पकड. नेथन अझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत जॉब क्लब नावाचा प्रयोग केला होता, नोकरी शोधणाऱ्यांना एकत्र बसवायचं, जोड्या लावायच्या, एकमेकांचे फोन ऐकायचे, नोकरी शोधणं हेच रोजचं काम मानून करायचं. दोन महिन्यांत त्यातल्या ९० टक्के लोकांना काम मिळालं, आणि ज्यांना अशी मदत नव्हती त्यांच्यात ५५ टक्क्यांना. त्यांच्याकडे शिकवणारे होते, फोन होते, बरंच काय काय होतं, तू दोन माणसांचा क्लब काढ. सोमवार आणि गुरुवार, वीस मिनिटं फोन, एकमेकांना वही वाचून दाखवायची आणि एक इंटरव्ह्यूचा प्रश्न विचारायचा. कंपनीला शिव्या द्यायला पाहिजे तर शेवटची पाच मिनिटं ठेवा, त्याची पण गरज असते.

शिव्यांवरून आठवलं. तू टीम बंद झाल्याचं एका ओळीत उरकलंयस, नऊ वर्षं आणि एक ओळ. आत काहीतरी साचलं असणार. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, नोकरी गेलेल्या साठेक अनुभवी प्रोफेशनल लोकांवर. एका गटाला सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल मनात जे काही आहे ते लिहायला सांगितलं, दुसऱ्या गटाला दिवसाचे प्लॅन आणि नोकरी शोधण्याची कामं लिहायला सांगितली. पुढच्या काही महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांपैकी जास्त लोकांना नोकऱ्या लागल्या, आणि गंमत म्हणजे त्यांनी फोन आणि अर्ज काही जास्त केले नव्हते. प्लॅन लिहिणारे मागे राहिले, बघ! अभ्यास छोटा होता, त्यावर सगळा डोलारा उभा करू नकोस, पण आतली कडवट चव इंटरव्ह्यूत बाहेर येते हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून बघितलंय. "आधीची नोकरी का सोडली" या साध्या प्रश्नावर माणसं दहा मिनिटं बोलतात. पाच दिवस लिहून काढ, फाडून टाकलंस तरी चालेल, आणि मग दोन वाक्यांचं उत्तर तयार कर, टीम बंद झाली, तिथे मी हे हे केलं होतं, आता मला हे करायचंय. दोन वाक्यं, मग गप्प.

घरचं. वडिलांना रोज संध्याकाळी काही झालं का विचारावं लागतं कारण तू स्वतःहून कधीच काही सांगत नाहीस. त्यांना म्हण, बाबा, दर रविवारी सकाळी मी तुम्हाला सगळं सांगीन, मधे विचारू नका. आणि खरंच सांग, वही घेऊन बस. पहिल्या आठवड्यात विसरून विचारतील, तेव्हा हसून रविवार म्हणायचं. बायकोच्या गप्प राहण्याचा अर्थ तू लावतोयस, तिला विचारलंयस का एकदा तरी? मला तर वाटतं ती तुला त्रास नको म्हणून गप्प आहे आणि तू तिच्या गप्प राहण्याने त्रासतोयस, छान चाललंय दोघांचं. एक दिवस बसा, शिल्लक किती आहे, किती महिने निघतील, किती महिन्यांनी कमी पगाराचं किंवा कॉन्ट्रॅक्टचं काम घ्यायचं, हे आकड्यात लिहा. तो महिना कुठला हे एकदा ठरलं की रोज रात्री त्याचा विचार करावा लागत नाही. आणि दुपारी दीडनंतर घरातलं एखादं काम पूर्ण तुझं म्हणून घे, मदत म्हणून नको. मारिएनतालच्या बायका आठव.

हां, आणि पाच महिने झालेत म्हणून सांगून ठेवते, रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे, असं काहीही मागून नोकरी देतो म्हणणाऱ्याला एक पैसा द्यायचा नाही. घायकुतीला आलेल्या माणसालाच हे लोक गाठतात.

हे सगळं करूनसुद्धा दोन-तीन आठवडे रोजच झोप उडालेली, कशातच मन लागत नाही, जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येतायत असं झालं तर डॉक्टरकडे जा, आणि जगणंच नको वाटलं तर एक दिवसही थांबू नकोस, लगेच जा आणि बायकोला सांगून जा. तिथे टाइमटेबलचं काम नाही.

आता डोंगर. जा. कुठल्या तोंडाने काय विचारतोस, आहे त्याच तोंडाने जा. चार दिवस म्हणजे तुझे सोळा तास बुडतील, म्हणजे तुझ्या आत्ताच्या पद्धतीने एक अख्खा दिवस आणि वर दोन तास, काय मोठंसं नाही. निघायच्या आधी ज्या दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे त्यांना एक ओळ टाक की अमुक ते अमुक तारखेला फोन लागणार नाही, नंतर कधीही उपलब्ध आहे. कारण सांगायची गरज नाही. खर्चाचं बायकोशी आधी बोल, आणि मित्रांना सरळ सांग की यावेळी माझं बजेट एवढंच आहे, त्यात बसतंय का बघा. वही घरी ठेव. आणि त्या मित्रांपैकी कोण कुठे काम करतो हे तुला नीट माहीत आहे का? मला वाटतं नाही. चढताना विचार.